आयच्या वाट्याच्या शिंगट्या

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला दोघी जणी आल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही आयुष्यभर कोलंबी विकलीत, कोलंबीवरच लिहा." मी म्हटलं, बायांनो, बसा आधी, पाणी प्या. कोलंबी मी कधी विकलीच नाही. कोलंबीबरोबर जे न बोलावता यायचं ते मी विकलं. त्यावर लिहू का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि "चालेल" म्हणाल्या. आता चालेल म्हणालात ना, मग वाचा.

मी नववी शिकलेली, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली सून. माझं अक्षर बरं आहे, पण मला थोडक्यात काही सांगता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा धंदा काय होता ते आधी समजावते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरची होडी होती आणि खाडीत डोल लागायची. डोल म्हणजे पायमोज्यासारखं लांब जाळं. खाडीत खांब रोवून त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून बांधायचं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि पाण्याबरोबर येईल ते मोज्याच्या टोकाला जाऊन साठतं. डोल लावायची ती कोलंबीसाठी. पण पाणी काय कोणाला विचारून आत सोडतं? कोलंबीबरोबर मांदेली येणार, ढोमी येणार, बोय, काटी, शिंगटी येणार. कधी एखादी चिंबोरी नांग्या उगारून बसलेली असायची. नशीब जोरावर असलं तर जिताड्याचं पिल्लू. हे सगळं आम्ही 'बाकीचं म्हावरं' म्हणायचो.

होडी लागली की किनाऱ्यावर ताडपत्री पसरून ढीग ओतायचा आणि आम्ही होडीच्या घरातल्या बाया भोवती बसून निवडायचो. कोलंबी एका बाजूला. तिला एजंट बर्फ घालून टेम्पोतून घेऊन जायचा, ती कुठच्या कुठे परदेशात जायची म्हणे. आणि बाकीचं म्हावरं बायांचं. हा आमच्याकडचा रिवाज होता. कोलंबीवर पुरुषांनी बोलायचं, बाकीच्या म्हावऱ्यावर पुरुषाने तोंड उघडायचं नाही. सगळ्यात वडील बाई त्याचे वाटे घालणार, म्हणजे छोटे छोटे ढीग, एकेकीला एकेक. शेवटचा वाटा तिचा स्वतःचा. तिने वाटे घातल्यावर कोणी हूं की चूं करायचं नाही. तो वाटा टोपलीत घालायचा आणि नेरूळच्या नव्या बिल्डिंगांत जाऊन विकायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय मी. तेव्हा सेक्टर नुसते उगवत होते. आज रिकामा प्लॉट दिसला तिथे सहा महिन्यांनी दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले असायचे.

आमच्या होडीवर वडील बाई म्हणजे माझी सासू. तिला सगळा कोळीवाडा आयच म्हणायचा. अंगाने सुकट, आवाजाने मात्र अशी की या काठावरून हाक मारली तर होडीतला माणूस दचकावा. माझं लग्न झालं तेव्हा मी ढिगाला हात लावायला घाबरायचे, कारण शिंगटी. शिंगटीला तीन काटे. एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना. एक जरी लागला ना, तर हात खांद्यापर्यंत ठणकतो, रडू येतं. आयने मला शिकवलं की शिंगटी दिसली की मागून दोन बोटं घालायची, काट्यांच्या मागे, आणि बिनधास्त उचलायची. तिचे हात त्या ढिगात असे चालायचे की बघत राहावं. तिला शिंगटी लागलेली मी कधी बघितली नव्हती. बोलायचीही तसंच, "शिंगटी मना वलखते."

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर एकेक नमुना होता. एका बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी फतवा काढला की कोळणींनी लिफ्ट वापरायची नाही, वास राहतो. बरं, नाही वापरत. मी खाली उभी राहून हाक मारायची आणि पहिल्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची. ती पिशवी सेक्रेटरींच्या बायकोची! वरून खुणेने सांगायची, ढोमी घाल, आणि हळू बोल. दुसरे एक रिटायर काका होते, पापलेटशिवाय दुसरा मासा माहीत नव्हता. रोज विचारायचे, "पापलेट आहे?" रोज मी सांगायची, "काका, पापलेट खाडीत राहत नाही, त्याला तुमच्यासारखी मोठी जागा लागते." हसायचे आणि दार लावून घ्यायचे. एकदा हट्टाने त्यांच्या सुनेला मांदेली दिली. त्यानंतर पापलेटचं नाव निघालं नाही.

आणि पवारबाई. त्या साताऱ्याकडच्या, वाशीच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मासा म्हणजे काय ते लग्नानंतर, तेही इथे आल्यावर कळलेलं. पहिल्यांदा मांदेली घेतल्या आणि मला विचारलं, "सुमनताई, ह्यात शेंगदाण्याचं कूट किती घालायचं?" मी टोपलीच खाली ठेवली. म्हटलं, बाई, काय पाप केलंय ह्या मांदेलींनी! पण पुढच्या खेपेला त्यांनी वाटीतून कालवण आणून दिलं, कूट घालूनच. नाक मुरडत खाल्लं. वाटी मात्र चाटूनपुसून परत केली, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून आमचं जमलं.

आता मुद्द्याचं.

एक दिवस निवडताना आयने एकदम हात मागे ओढला. शिंगटीचा काटा लागला होता. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. आयला शिंगटी? ती म्हणाली, "मना काय झाला नाय. हात निसटला." पाण्यात हात बुडवला आणि परत कामाला लागली. दोन दिवसांनी परत तेच. मग मी नीट बघायला लागले तेव्हा लक्षात आलं की आय ढिगाकडे बघतच नाहीये. ती बोटांनी चाचपून निवडतेय. कोलंबी मऊ आणि वाकडी, मांदेली पातळ, ढोमीची खवलं हाताला लागतात. हे सगळं तिला हाताने कळत होतं. फक्त शिंगटी हाताला कळेपर्यंत काटा आत गेलेला असायचा.

तिच्या डोळ्यांत दुधासारखं काहीतरी उतरलं होतं. मोतीबिंदू. घरात उंबरे, चूल, दोरी, सगळं पायाखालचं असल्यामुळे आम्हाला कळलंच नव्हतं.

हे बोलायचं कसं? आयला दिसत नाही असं एकदा तोंडातून निघालं असतं, तर वाटे घालायचं काम दुसरीकडे गेलं असतं. कोणी मुद्दाम नसतं घेतलं. पण बोललं गेलं की संपतं. आणि तो मान गेला असता तर आय ताडपत्रीवर बसायला आलीच नसती, तिचा स्वभाव मला माहीत. घरी बसलेली आय म्हणजे काय, ते मला डोळ्यांसमोर आणवेना.

म्हणून मी आणि माझी धाकटी जाऊ भारती, आम्ही दोघींनी ठरवलं. काही ठरवलं पण नाही खरं तर. तिच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि शिंगटी दिसली की आयचा हात पोचायच्या आत उचलून मागच्या डब्यात टाकायची. हळूहळू बाकीच्या बायांच्याही ध्यानात आलं. कोणी काही बोललं नाही. ढीग ओतला की शिंगटी जिला आधी दिसेल ती उचलणार आणि तोंडाने काहीतरी भलतीच बडबड चालू ठेवणार. टीव्हीवरची सीरियल, कोणाच्या तरी साडीचा काठ, काहीही. ती शिंगटी आम्ही परस्पर विकायचो. घरीसुद्धा कालवण करायचं बंद केलं, कारण वास आला असता तर आयने विचारलं असतं, ही आली कुठून?

आय विचारायचीच. "शिंगटी हाय का गो आज?" आम्हाला वाटायचं, तिला भीती वाटतेय. मग आम्ही तोंड भरून सांगायचो, "नाय गो आय, आज नाय मिलाली."

आम्हाला किती बरं वाटायचं ते सांगताना!

इकडे मी पवारबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मोतीबिंदू ना? ऑपरेशनने बघता बघता बरं होतंय. मी बोलते आमच्या डॉक्टरांशी." एक दिवस ड्युटीवरून परस्पर घरी आल्या, आयच्या पापण्या वर करून बघितल्या, तिच्याशी गोड बोलल्या. आय नुसती ऐकत होती. दिसत नाही हे फक्त मला आणि भारतीलाच कळलंय असं तिला वाटायचं, आणि तेवढ्याचं तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "नारळी पुनव होऊन जाऊ दे, मंग करू." आम्ही दोघी चुलीपाशी जाऊन एकमेकींचे हात दाबले. आय हो म्हणाली!

नारळी पौर्णिमा झाली. पवारबाई तारीख घेऊन आल्या. आणि आय म्हणाली, "नको."

"अहो आई, घाबरताय का? दुखत नाही."

"घाबरतेय कशाला?" आय म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "डोलं कशाला पायजेत मना? बगायला काय उरलाय?"

पवारबाईंना वाटलं, वय झालं म्हणून बोलतेय. त्या समजूत घालायला लागल्या. आयने त्यांचा हात बाजूला केला. "तुमाला नाय कलायचा बाय. खाडी मेली आमची. शिंगटीपन येत नाय आता. समदी मेली तरी शिंगटी मरत नाय. चिखलात राहते, कायपन खाते, पान्याच्या भायर काडली तरी जीव सोडत नाय. ती गेली. आता ती मेलेली खाडी बगायला डोलं कशाला करून घेऊ? हाय तसा बरा हाय."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. भारतीने तर पदर तोंडात घातला.

हे बाहेरच्यांना कळायला थोडं सांगायला पाहिजे. तेव्हा एमआयडीसीकडचं पाणी खाडीत यायचं, आणि कधी कधी म्हावऱ्याला रॉकेलसारखा वास यायचा. गिऱ्हाईक मासा नाकाला लावून परत करायचं. एखाद्या सकाळी मेलेली बोय काठाला लागलेली दिसायची. कोळीवाड्यात सगळ्यांच्या मनात तीच धास्ती. आय त्यावर कधी बोलायची नाही. ती फक्त रोज विचारायची, शिंगटी हाय का? आणि आम्ही शहाण्या रोज तिला सांगत होतो, नाय, नाय, आज पन नाय. भीती तिला काट्याची नव्हतीच. ती खाडीची नाडी बघत होती आणि आम्ही रोज तिचं मनगट झाकून ठेवत होतो.

त्या रात्री मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे मुळात कमी बोलणारे. म्हणाले, "मला पण बोलली परवा. डोल काडून ठेव, खाडीला आराम दे. मला वाटलं, असंच बोलते." मग म्हणाले, "खरं सांगून टाक."

खरं काय सांगणार? आय, तुला दिसत नाही हे सगळ्या बायांना माहीत आहे, आणि आम्ही सगळ्या मिळून तुला सांभाळून घेत होतो, असं? आयने मान खाली घालून कधी आयुष्य काढलं नव्हतं. म्हटलं, नाही सांगत. शिंगटी तिच्या हाताला लागू देते. तिचं तिला कळेल.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांना डोळ्यांनीच खूण केली. आज कोणी उचलायची नाही. ढीग ओतला. कोलंबी, ढोमी, काटी. शिंगटी नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी नाही.

आय निवडत होती आणि विचारतही नव्हती. आम्हीच ढीग उपसत होतो, डोल झटकून बघत होतो. भारती माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, आय बोलली तेच खरं झालं तर?" मी तिला दटावलं. पण खाडीकडे बघून मनातल्या मनात अक्षरशः हात जोडले. आयुष्यभर ज्या माशाच्या नावाने शिव्या घातल्या, त्याच्यासाठी देवीला नारळ बोलले. एक तरी पाठव गो माय. एक तरी.

आणि मग एका सकाळी ढीग ओतला आणि कोलंबीच्या खाली काहीतरी काळपट, गुळगुळीत वळवळलं. मिशा हलल्या. ती आयच्या उजव्या हातापासून वीतभर लांब होती. भारतीचा हात सवयीने पुढे गेला. मी तिचं मनगट धरलं. सगळ्या बायांची बडबड एकदम थांबली. आयचा हात चाचपत चाचपत पुढे सरकत होता. कोलंबी टाकली, मांदेली टाकली, परत पुढे. कोणाला मुद्दाम दुखू देणं इतकं कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी डोळे मिटून घेतले.

"आय गो!"

मी डोळे उघडले तेव्हा आयच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. तिने अंगठा तोंडात घातला. आणि मग दुसऱ्या हाताने परत ढिगात चाचपायला लागली. मागून दोन बोटं घालून, काट्यांच्या मागे, तिने ती शिंगटी उचलली आणि गालाजवळ धरली. शिंगटी शेपूट आपटत होती.

"हाय गो! हाय! जित्ती हाय!" आय हसत होती आणि तिच्या त्या दुधाळ डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सुमन, बग गो, कशी ऐटीत हाय रांड! मना टोचली!"

काठावरचा एजंट, टेम्पोवाला, सगळे बघत राहिले. ह्या बाईला काटा लागला आणि ही नाचायची बाकी आहे! आम्ही बाया तर हसतोय की रडतोय ते आमचं आम्हालाच कळेना. हळद लावायला घेतली तर आय हात देईना. म्हणाली, "ठनकू दे. बरा वाटताय." आणि मग तोच जुना दणदणीत आवाज, "त्या नर्सबायला सांग. कदी न्यायचा ते ने मना!"

ऑपरेशन झालं. पवारबाई स्वतः तिच्या उशाशी बसल्या होत्या. आय त्यांना गुंगीतसुद्धा सांगत होती की मांदेलीत शेंगदाणं घालू नको. काही दिवस पट्टी, मग हिरवा पडदा, मग काळा चष्मा. डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली होती, ती संपते कधी ह्याची ती पोरासारखी वाट बघत होती.

ज्या दिवशी ती परत ताडपत्रीवर आली, त्या दिवशी डोल चांगली भरून आली होती. काळा चष्मा लावून आय आपल्या जागेवर बसली. ढीग ओतला. आधी तिने नुसतं बघितलं. खूप वेळ. मग एकेक उचलायला लागली, पूर्वीसारखी भराभर. त्या दिवशी ढिगात शिंगट्या बऱ्याच होत्या, आणि तिला एकही लागली नाही. कोलंबी एजंटकडे गेली. आयने वाटे घातले आणि एकेकीला हाक मारून द्यायला लागली.

माझी पाळी आली. मी टोपली पुढे करायच्या ऐवजी नकळत ओंजळच पुढे केली. आयचा हात थांबला. तिने चष्मा वर केला आणि माझा हात धरून स्वतःकडे ओढला.

शिंगटीचा काटा लागला की जखम भरते, पण बारीक काळा ठिपका राहतो. नीट बघून, दोन बोटं घालून उचलली तर लागत नाही. पण कोणाच्या हाताच्या आधी, घाईघाईत, गप्पा मारत झडप घालायची म्हटली तर लागतेच. माझी बोटं ठिपक्यांनी भरली होती.

"हे कसले गो?"

मी हात सोडवून घ्यायला गेले तर सोडेना.

"भारती, दाव हात."

भारतीने हात मागे लपवला. आयने तोही ओढून घेतला. मग तिने मान वर करून सगळ्या रांगेकडे बघितलं, एकेकीच्या हाताकडे. बाया खाली बघत होत्या. कोणी टोपली सारखी करत होती, कोणी उगाच पदर. मला वाटलं, आता ही उठून निघून जाणार आणि परत कधी येणार नाही.

आय बराच वेळ माझी बोटं तिच्या बोटांनी चोळत राहिली. मग खाली वाकली आणि घातलेले सगळे वाटे तिने मोडले. आयने वाटे मोडलेले कोणी बघितले नव्हते. तिने प्रत्येक वाट्यातल्या शिंगट्या काढल्या, एकूण एक, आणि आपल्या शेवटच्या वाट्यात टाकल्या.

"इतके दिस माज्या वाट्याचे काटे तुमी खाल्लाव," ती म्हणाली. "आता हात नाय लावायचा कोनी."

त्यानंतर ती हयात होती तोवर आमच्या ताडपत्रीवरची प्रत्येक शिंगटी आयनेच उचलली. आम्ही कधी चुकून हात पुढे केलाच, तर ती फटका मारायची.